‘लाउदातो सी’ आणि गोदाकाठची तहान

पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्र प्रसिद्ध होऊन दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. २४ मे २०१५ रोजी, पेन्टेकॉस्टच्या सणादिवशी, त्यावर त्यांची स्वाक्षरी झाली आणि १८ जूनला ते जगापुढे आले. ख्रिस्तसभेचे प्रमुख या नात्याने पोपमहोदय जे अधिकृत पत्र लिहितात त्यास आपण परिपत्र म्हणतो. हे परिपत्र मात्र केवळ कॅथलिकांसाठी नाही. या पृथ्वीवर राहणाऱ्या प्रत्येक माणसाशी आपल्याला बोलायचे आहे, असे लेखकाने आरंभीच स्पष्ट केले आहे. २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस निवर्तले. लेखक गेल्यानंतर त्याच्या ग्रंथाकडे किंचित अंतरावरून पाहता येते. भक्तिभावाने झालेले स्वागत ओसरलेले असते आणि ग्रंथाने आपल्याला नेमके काय दिले, काय दिले नाही, हे विचारण्याची वेळ आलेली असते.

आपल्याकडे या परिपत्राचे स्वागत झाले, पण त्याचे वाचन झाले का, हा प्रश्न आहे. पर्यावरणदिनी धर्मग्रामात रोपे लावली गेली, प्रवचनांत त्याचा उल्लेख आला, आणि नियतकालिकांतून संत फ्रान्सिस असिसीकर व तुकोबांचा वृक्षवेलींचा अभंग यांना शेजारी बसवून लेख लिहिले गेले. यात गैर काही नाही. परंतु ज्या ग्रंथाची नुसती आरती होते तो ग्रंथ हळूहळू देव्हाऱ्यात जाऊन बसतो; त्याच्याशी वाद घालणारा कोणी उरत नाही. परिपत्राला त्याच्या योग्यतेचा मान द्यायचा असेल तर ते एखाद्या विशिष्ट भूमीवर उभे राहून, तिथल्या प्रश्नांच्या संदर्भात वाचले पाहिजे. प्रस्तुत लेखात ते नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या काठावरून वाचण्याचा प्रयत्न केला आहे.

विष्णुपुरीच का, असे वाचक विचारतील. विष्णुपुरी हे गोदावरीच्या दक्षिण तीरावरचे गाव. १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ तेथेच आहे आणि १९८०च्या दशकात उभा राहिलेला विष्णुपुरी प्रकल्पही तेथेच आहे. शंकरराव चव्हाणांच्या नावाने ‘शंकरसागर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जलाशयात सुमारे ८० दशलक्ष घनमीटर पाणी मावते. त्यातून नांदेड शहर पाणी पिते, आणि उपसा सिंचनाने नांदेड, लोहा, कंधार या तालुक्यांतील शेतीला पाणी देण्याची ही योजना आहे. पिणारे आणि पिकवणारे एकाच साठ्यापाशी उभे आहेत. पाऊस कमी झाला की उन्हाळ्यात जलाशयाकाठच्या शेतीपंपांची वीज तोडण्याचे आदेश निघतात आणि शेतकरी रात्री मोटारी चालवतात. पाण्याविषयीच्या कोणत्याही शिकवणुकीची कसोटी पाहायची तर याहून योग्य जागा शोधून सापडणार नाही.

ग्रंथाचे सामर्थ्य

प्रथम परिपत्राच्या सामर्थ्याविषयी. बहुतेक परिपत्रांची नावे लॅटिन असतात. याचे नाव उम्ब्रियाच्या बोलीतले आहे. संत फ्रान्सिस असिसीकरांनी १२२५ च्या सुमारास आपले सृष्टिस्तोत्र विद्वानांच्या लॅटिनमध्ये न रचता शेतकऱ्या-कोष्ट्यांच्या भाषेत रचले, आणि पोपमहोदयांनी त्याच स्तोत्रातील शब्द उचलले. मराठी वाचकाला या घटनेचे मोल सांगावे लागत नाही. संस्कृत सोडून देशीकडे वळण्याचा जो निश्चय ज्ञानदेवांनी केला, एकनाथांनी चालवला, आणि पुढे फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचून १६१६ साली छापून काढताना आपलासा केला, त्याच निश्चयाचे हे दुसरे रूप आहे. देवाविषयी बोलायचे तर माणूस ज्या भाषेत पाणी मागतो त्याच भाषेत बोलावे, हा तो निश्चय.

सहा प्रकरणे आणि २४६ परिच्छेद असा या परिपत्राचा विस्तार आहे. पहिल्या प्रकरणात पृथ्वीची आजची अवस्था, दुसऱ्यात सृष्टीविषयीची बायबलची शिकवण, तिसऱ्यात संकटाची मानवी मुळे, चौथ्यात निसर्ग आणि समाज यांचा एकत्र विचार, पाचव्यात उपाय आणि सहाव्यात शिक्षण व अध्यात्म, असा त्याचा क्रम आहे. धर्मग्रंथाने शास्त्रज्ञांचे म्हणणे आधी ऐकावे आणि मगच बायबल उघडावे, ही मांडणी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. परिपत्राचा गाभा असा, की पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश हे दोन वेगळे आक्रोश नाहीत. जंगल तुटले म्हणून हळहळणारा आणि झोपडी तुटली म्हणून हळहळणारा, हे आपल्याकडे दोन निरनिराळ्या सभांना जातात. पोप फ्रान्सिस या दोघांना एकाच सभेत बसवतात. हे या ग्रंथाचे सर्वांत मोठे कार्य होय.

पाण्याविषयीचे विवेचन परिच्छेद २७ ते ३१ यांत आहे. पाने थोडी, पण प्रतिपादन ठाम. पिण्यायोग्य पाणी मिळणे हा माणसाचा मूलभूत व सार्वत्रिक हक्क आहे, कारण त्यावर जगणे अवलंबून आहे, आणि म्हणून इतर हक्कांचाही तो पाया आहे. ज्यांना पाणी मिळत नाही त्यांचे जग ऋणी आहे, असा त्याचा आशय आहे. ‘ऋण’ हा शब्द महत्त्वाचा. तहानलेल्याला पाणी देणे हा उपकार नव्हे, ती थकलेली बाकी आहे. पुढे सहाव्या प्रकरणात संस्कारांविषयी बोलताना स्नानसंस्काराच्या पाण्याचा उल्लेख येतो. बालकाच्या मस्तकावर ओतले जाणारे पाणी नवजीवनाचे चिन्ह आहे. परिपत्र या दोन स्थळांची गाठ उघडपणे घालत नाही. परंतु ज्या गावात हंडाभर पाण्यासाठी पोरी शाळा सोडतात त्या गावात हे चिन्ह कोणत्या पाण्याने उमटवायचे, हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतोच.

वर कोण, खाली कोण

आता परिपत्राच्या मर्यादांकडे वळू. पाण्याचे शत्रू कोण, या प्रश्नाला परिपत्र जे उत्तर देते ते मुख्यतः दूरचे आहे. पाण्याला विक्रीची वस्तू बनवणारी वृत्ती, पाण्यावर ताबा मिळवू पाहणाऱ्या बलाढ्य बहुराष्ट्रीय कंपन्या, गरीब दक्षिणेचे ऋण न फेडणारी श्रीमंत उत्तर, ही त्यातील प्रमुख पात्रे. विकसनशील देशांतही पाण्याची नासाडी होते, हे एका वाक्यात मान्य केले आहे. पण ते एका वाक्यातच. लॅटिन अमेरिकेच्या अनुभवातून हे चित्र उभे राहिले असावे आणि तिथे ते खरेही असेल. गोदावरीच्या काठी मात्र ते अपुरे पडते.

गोदावरीवर पैठणला जायकवाडीचे धरण १९७६ साली पूर्ण झाले. सुमारे २,९०० दशलक्ष घनमीटर क्षमतेच्या या जलाशयाला ‘नाथसागर’ असे नाव आहे. त्याच्या वर नाशिक-नगरची धरणे, खाली परभणी, नांदेड. वरच्यांनी पाणी अडवले की नाथसागर रिता राहतो. म्हणून २००५ च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व आले आणि मेंढेगिरी समितीने त्याचे सूत्र बांधून दिले: नाथसागरातील साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे. तरीही अवर्षणाच्या वर्षी कोर्टकज्जे, मोर्चे आणि पोलीस बंदोबस्त यांवाचून ते पाणी खाली येत नाही. मराठवाड्याच्या मनातली ही जुनी जखम आहे आणि ती खरी आहे.

पण नदी तिथे थांबत नाही. विष्णुपुरीच्याही खाली, धर्माबाद तालुक्यात, बाभळीचा बंधारा आहे. तेलंगणातील श्रीरामसागर धरणाच्या पाणफुगवट्यात तो येतो म्हणून आंध्र प्रदेश सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाने बंधारा राहिला, परंतु १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात त्याची दारे उघडी ठेवावी लागतात आणि दर १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे लागते. म्हणजे नाशिककडे बोट दाखवून न्याय मागणारा नांदेडचा माणूस निजामाबादच्या माणसाच्या दृष्टीने स्वतःच ‘वरचा’ ठरतो. जो युक्तिवाद तो पैठणला करतो तोच त्याला बाभळीला ऐकावा लागतो.

उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायात इसहाकाच्या विहिरींची कथा आहे. इसहाकाच्या माणसांनी विहीर खणली की गरारचे गुराखी येऊन पाणी आपले म्हणून भांडत. दोन विहिरींना भांडणाचीच नावे पडली. तिसऱ्या विहिरीवर भांडण झाले नाही, म्हणून तिला ऐसपैस जागेचे नाव मिळाले. या कथेत भांडणारे दोन्ही पक्ष मेंढपाळच आहेत, एकाच उन्हात तहानलेले. पाण्याच्या पापाची ही जवळची, घरगुती बाजू परिपत्रात मंद आहे. ऋणको आणि धनको या दोन वेगळ्या जमाती आहेत, असे गृहीत धरून त्याचे गणित चालते. गोदाकाठी तोच माणूस वरच्याचा धनको आणि खालच्याचा ऋणको असतो. आपल्या वाट्याचे पाणी मागणे सोपे. आपल्या वाट्याचे पाणी खाली सोडणे, हाच खरा धर्म, आणि त्याची भाषा आपल्याला अजून घडवावयाची आहे.

सहकार आणि ऊस

दुसरी मर्यादा अधिक नाजूक आहे, कारण ती परिपत्राच्या एका आशास्थानाशी निगडित आहे. पोप फ्रान्सिस यांना लहान उत्पादकांच्या सहकारी संस्थांविषयी विश्वास वाटतो. तंत्रज्ञानाच्या एकसुरी सत्तेपासून सुटण्याचे उदाहरण म्हणून तिसऱ्या प्रकरणात, आणि स्थानिक स्वावलंबनाचा मार्ग म्हणून पाचव्या प्रकरणात, अशा सहकाराचा गौरवाने उल्लेख येतो. हा विश्वास महाराष्ट्राच्या वाचकाला परका नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला जे उभे केले ते शेतकऱ्याच्या स्वाभिमानाचे पर्व होते. सावकाराच्या दारातला शेतकरी कारखान्याचा सभासद झाला. शाळा, दवाखाने, रस्ते आले. त्याचे श्रेय नाकारणे कृतघ्नपणा ठरेल.

तथापि याच सहकाराच्या पाठीवर बसून ऊस महाराष्ट्राच्या कोरड्या भागात शिरला, हेही तितकेच खरे. प्रवरा ही गोदावरीचीच उपनदी. वरच्या खोऱ्यातील उसाने जे पाणी घेतले ते नाथसागरात आले नाही. आणि मराठवाड्याने त्याविरुद्ध तक्रार करताकरता स्वतःही तोच धडा गिरवला. राज्याच्या लागवडीखालील क्षेत्राच्या जेमतेम चार टक्के जमिनीवरचा ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे सत्तर टक्के पाणी घेतो, असे केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने दाखवून दिले आहे. मांजरा खोऱ्यात कारखाने वाढले, विंधनविहिरी खोल गेल्या, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहर कोरडे पडले. पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदीचा हुकूम लावावा लागला. १२ एप्रिल २०१६ रोजी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन मिरजेहून आलेली पहिली पाणीगाडी लातूरला पोहोचली. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून, कृष्णेच्या खोऱ्यातून, गोदेच्या खोऱ्यात रुळांवरून पाणी आले. ‘जलदूत’ असे त्या गाडीचे सुंदर नाव होते.

या प्रसंगात बहुराष्ट्रीय कंपनी कोठे आहे? कोठेच नाही. शेतकरी दुष्ट आहे काय? तोही नाही. कापूस बुडतो, तूर-सोयाबीनचा भाव पडतो, आणि ऊस हे निदान कारखान्यात जाणारे, ठरलेला भाव मिळणारे पीक. म्हणून कर्जबाजारी माणूस त्याकडे वळतो. ज्या मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबलेल्या नाहीत तेथे ‘ऊस लावू नका’ हा उपदेश व्यासपीठावरून करणे सोपे आहे. परिपत्राच्या शब्दांत ज्याला ‘परिसरविषयक हृदयपरिवर्तन’ म्हणता येईल त्याची हाक अशा माणसाला द्यायची तर त्याबरोबर ज्वारी-तुरीला भाव देण्याची हाकही शासनाला द्यावी लागते. हृदयपरिवर्तन फक्त गरिबाने करावे आणि बाजाराने करू नये, हा न्याय नव्हे. परिपत्र हे तत्त्व जाणते. परंतु जेव्हा अन्याय करणारा आपलाच भाऊबंद असतो, आपल्याच संस्थेचा सभासद असतो, मिस्सेला शेजारच्या बाकावर बसतो, तेव्हा सत्य कसे बोलावे, याचे मार्गदर्शन त्यात मिळत नाही.

आणि उसाची कथा पाण्यापाशीही संपत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडची आणि लगतच्या जिल्ह्यांतील कुटुंबे कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतात. नवराबायको मिळून ‘एक कोयता’ असा त्यांचा हिशेब. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याची माहिती २०१९ साली विधिमंडळात देण्यात आली, आणि त्यांत ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची स्थिती काय, हे तपासण्यासाठी समिती नेमावी लागली. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकच आहे, या सूत्राचे इतके विदारक भाष्य दुसरीकडे मिळणे कठीण. सूत्र परिपत्राचे, भाष्य मात्र आपल्या भूमीने रक्ताने लिहिले आहे.

परिपत्रात नसलेला शब्द

तिसरी मर्यादा मौनाची आहे. पोप फ्रान्सिस यांनी या पत्रात निरनिराळ्या देशांच्या बिशप परिषदांची वचने मोठ्या संख्येने उद्धृत केली. फिलिपाइन्स, बोलिव्हिया, दक्षिण आफ्रिका, जपान, ब्राझील, पॅराग्वे अशी ती यादी आहे. रोमने सर्व दिशांचे ऐकावे ही वृत्ती स्तुत्यच. भारतीय बिशप परिषदेचे अवतरण मात्र त्यात नाही, आणि ‘जात’ हा शब्दही नाही. हे रोमचे उणे मानायचे की आपले? आपण जे मोठ्याने बोललो नाही ते रोमने ऐकले नाही, असेच म्हणावे लागते.

भारतात पाणी आणि जात यांचा विचार वेगळा करताच येत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा पाण्याचा मूलभूत हक्क या देशात उच्चारला गेला. परिपत्राच्या ८८ वर्षे आधी. आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयातही याची खूण आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये पाण्याच्या शिवाशिवीतून त्या कशा मोकळ्या झाल्या, याची हकीकत आहे. स्नानसंस्कार घेण्याआधी त्यांना दुसऱ्याच्या हातचे पाणी प्यावे लागले. एका परीने तोच त्यांचा पहिला स्नानसंस्कार.

योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा या प्रकाशात वाचावी. यहुदी शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत, आणि प्रभू येशू भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर बसून त्या स्त्रीपाशी पाणी मागतो. आपण या कथेवरची प्रवचने नेहमी जिवंत पाण्यापासून सुरू करतो. कथा मात्र साध्या पाण्यापासून सुरू होते: कोणाच्या घड्यातले पाणी मी पिईन, या प्रश्नापासून. परिपत्राच्या सृष्टिविषयक प्रकरणात ही कथा मध्यभागी असती तर भारतीय वाचकाला ते अधिक आपले वाटले असते.

मराठवाड्यातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतून आला आहे. गावात टँकर येतो तेव्हा तो आधी कोठे थांबतो आणि शेवटी कोठे, हे या समाजाला शिकवावे लागत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहिले. शीख व बौद्ध यांच्यासाठी तो आदेश पुढे दुरुस्त झाला, ख्रिस्ती व मुसलमान यांच्यासाठी नाही. आणि दोष केवळ शासनाचा नाही. डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे ‘लाउदातो सी’नंतर दीड वर्षाने, भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले. देशातील सुमारे १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी १ कोटी २० लाखांहून अधिक दलित आहेत आणि ख्रिस्तसभेतही अस्पृश्यता पाळली गेली, याची त्यात कबुली होती. हे दोन दस्तऐवज एकमेकांशेजारी ठेवून कोणी वाचले का? पहिल्यात पाणी आहे, जात नाही; दुसऱ्यात जात आहे, पण पाण्याची चर्चा नाही. भारतीय कॅथलिक विचाराचे काम या दोहोंना एकत्र बांधण्याचे आहे आणि ते रोममध्ये बसून होणारे नाही.

नाथांची कावड

येथवर जे लिहिले ते वाचून परिपत्र अपयशी ठरले असे कोणी समजू नये. कोणतेही जागतिक पत्र प्रत्येक खोऱ्याचा नकाशा काढू शकत नाही. आपले पत्र स्थानिक ख्रिस्तसभांनी आपापल्या भूमीत पूर्ण करावे, असेच त्याच्या लेखकाला अभिप्रेत असावे. एरवी इतक्या बिशप परिषदांना त्याने बोलते केले नसते. प्रश्न असा की मराठीत ते कोणी पूर्ण करावे आणि कशाच्या आधारे?

एक दिशा वसईने दाखवली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’च्या संपादकपदावरून आणि हरित वसईच्या चळवळीतून, ‘लाउदातो सी’ लिहिले जाण्याच्या पंचवीस वर्षे आधी, विहीर आणि वाडी हे धर्माचे विषय आहेत हे दाखवून दिले. त्या चळवळीकडून शिकण्यासारखी गोष्ट ही की तिने शत्रू दूर शोधला नाही. टँकरने पाणी विकले जाते तेव्हा विहीर गावातल्याच कोणाची तरी असते. २०२० च्या जानेवारीत दिब्रिटो ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून उस्मानाबादला, आजच्या धाराशिवला, आले. त्या पदावर आलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. विरोध आणि धमक्या झाल्या. मराठवाड्याच्या श्रोत्यांनी मात्र त्यांना ऐकले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. किनाऱ्यावरच्या हिरव्या वसईची भाषा आणि पठारावरच्या कोरड्या मराठवाड्याची भाषा यांची त्या संमेलनात गाठ पडली होती. ती गाठ पुढे कोणी घट्ट केली नाही. आपले कॅथलिक मराठी लेखन आजही बहुतांशी किनाऱ्याचे लेखन आहे. त्यात विहीर आहे, बंधाऱ्यावरचा पहारा नाही.

दुसरा आधार पैठणचा आहे. एकनाथ महाराजांची कथा मराठी मुलाला पाळण्यात कळते. काशीचे गंगाजल रामेश्वराला वाहण्यासाठी कावड निघाली असताना वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले, आणि नाथांनी ते पवित्र पाणी त्याच्या तोंडात ओतले. आपण या कथेला भूतदयेची कथा म्हणून मोकळे होतो. वस्तुतः ती पाण्याच्या अधिकारक्रमाची कथा आहे. ते पाणी कोणाच्याही मालकीचे नव्हते. ते देवाचे ठरलेले होते. नाथ म्हणतात ते असे, की देवासाठी राखलेल्या पाण्यावरही पहिला हक्क तहानेचा. आणि तहान कोणाची, हे विचारायचे नाही. परिपत्रात अगदी हेच तत्त्व सृष्टीची संपत्ती सर्वांसाठी आहे या शब्दांत येते आणि खासगी मालकीला त्याखाली बसवले जाते. नाथ त्याच्याही पुढे एक पाऊल टाकतात: मालकीच नव्हे, तर विधीही तहानेखाली बसतो.

आणि नियतीचा योग पाहा. ज्या जलाशयावरून वरचे आणि खालचे कोर्टात उभे राहतात त्याला नाव नाथांचेच आहे. नाथसागराचे पाणी कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्या नावातच आहे; ते कोणी वाचत नाही. गाढवाच्या जागी आज लातूरचा झोपडपट्टीवासी आहे, ऊसतोडीची बाई आहे, टँकरच्या रांगेत शेवटी उभा केलेला पाडा आहे, बाभळीखालचा तेलंगणातला शेतकरीही आहे. कावडीच्या जागी ऊस आहे, जो आपल्या समृद्धीच्या रामेश्वराला वाहायचा म्हणून आपण जपतो आहोत.

हवामानबदलाने हा प्रश्न अधिकच कठीण केला आहे. पोप फ्रान्सिस यांनी ४ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘लाउदाते देउम’ या उपदेशपत्राने पहिल्या पत्राला जी पुरवणी जोडली तीत चिंतेचा सूर तीव्र आहे. जेथे २०१६ साली रेल्वेने पाणी आणावे लागले त्याच मराठवाड्यात २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अतिवृष्टीने पिके वाहून गेली आणि मुखेड तालुक्यातील गावांत पुराने माणसे दगावली. अवर्षण आणि महापूर ही आता एकाच शेतकऱ्याच्या घरी आलटून पालटून येणारी संकटे आहेत. अशा वेळी रोप लावून छायाचित्र काढणारी भक्ती फार तोकडी पडते.

‘लाउदातो सी’ हे आपल्या काळातील एक मोठे पत्र आहे, याविषयी शंका नसावी. मात्र मोठ्या पत्राचे उत्तर लिहावे लागते, नुसती पोच देऊन भागत नाही. गोदाकाठावरून लिहायच्या त्या उत्तरात दूरच्या कंपन्यांच्या आधी जवळच्या उसाचे नाव यावे लागेल, हक्काच्या आधी खाली सोडायच्या पाण्याचा हिशेब यावा लागेल, आणि ज्याच्या घड्यातले पाणी शतकानुशतके कोणी प्यायले नाही त्याच्या हातूनच ते लिहून घ्यावे लागेल. मराठवाड्याच्या धर्मग्रामांत अशी लिहिती माणसे आहेत. त्यांच्या लेखनाला आपल्या नियतकालिकांनी जागा करून द्यावी. परिपत्राच्या अभ्यासाचा यापेक्षा चांगला आरंभ कोणता असणार?